वसरी रिकामी होऊ देऊ नका

पौष सरत आला की औंढा ते वसमत या पट्ट्यात हळदीची घाई सुरू होते. पाला कापायचा, कंद काढायचे, वेचायचे, शिजवायचे, वाळत घालायचे, ढोलात घासायचे. पुढचे दोन-तीन महिने घरातला एकही हात रिकामा नसतो. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आनंद आपल्या सगळ्यांनाच झाला. पण ती हळद काढणाऱ्यांच्या घरात दुपारी बारा वाजता कोण असतं, हेही एकदा विचारलं पाहिजे. याच पट्ट्यातल्या आपल्या शिरड शहापुरात कुठल्याही गल्लीत त्या वेळी शिरा. पुढे लोटलेली दारं दिसतील. आत वसरीवर बाज, बाजेवर आबा किंवा आजी, उशाशी तांब्या आणि ताटाखाली झाकलेली भाकरी.

भाकरी आहे, पण चावायला दात नाहीत. गोळ्या आहेत, पण सकाळची कोणती आणि रात्रीची कोणती हे ओळखायला नजर नाही. लघवीला जायचं तर उंबरा ओलांडावा लागतो, आणि तिथे पाय अडखळला तर हाक कुणाला मारायची? म्हणून म्हातारं माणूस पाणीच कमी पितं. कुठल्याही सुनेला विचारा, ती सांगेल की आत्या दिवसभर पाणी पीत नाहीत. वैशाखात पत्रा तापतो तेव्हाही पीत नाहीत. मग ग्लानी येते, लघवीला आग होते, ताप चढतो. संध्याकाळी माणसं वावरातून येतात तेव्हा आजी बडबडत असते आणि घरच्यांना वाटतं, म्हातारपणाचंच आहे.

यात त्या सुनेचा दोष काढू नका. ती घरी थांबली तर रोज बुडतो. ती गेली तर सासू एकटी पडते. सकाळी निघताना ती शेजारणीला सांगून जाते, पण शेजारीणही दहाला कामावर जाणार असते. ऊसतोडीला गेलेल्या घरांत तर संध्याकाळीही कुणी परतत नाही. पाच-सहा महिने म्हातारी माणसं आणि शाळेतली लेकरं एकमेकांना सांभाळत राहतात. आणि ज्यांची मुलं पुण्याला किंवा संभाजीनगरला कंपनीत लागली, त्यांच्याकडे पैसा वेळेवर येतो, फोनही रोज येतो, पण पाणी द्यायला कुणी नसतं.

आपल्या मराठवाड्यात म्हातारपणाची एक जुनी जागा होती. वाड्यात ढाळज होती, साध्या घरात वसरी होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारणं, धान्य निवडणं, लेकरं सांभाळणं, दारात वाळवणाला राखण बसणं, ही कामं त्या जागेवरून चालत. म्हातारं माणूस घरात उपयोगाचं होतं आणि नजरेखालीही होतं. ती व्यवस्था कुणी कायदा करून मोडली नाही. घरं लहान झाली, माणसं कामाला लांब गेली, आणि दिवसा गावात कुणी उरलं नाही. तरीही आपल्याकडची बहुसंख्य म्हातारी माणसं अजून स्वतःच्या घरात, स्वतःच्या गावात, स्वतःच्या बाजेवर आहेत. एवढंच मला वाचवायचं आहे, आणि ते वाचवायला अजून वेळ आहे म्हणून हे लिहितो आहे. म्हातारं माणूस गावात राहायला हवं असेल तर आधी त्याचा दिवस राखला पाहिजे. रात्री घरात माणसं असतात. दहा ते पाच हे सात तास कुणाचेच नाहीत.

सरकार म्हाताऱ्यांवर पैसा खर्च करत नाही असं नाही. कुठे करतं ते नीट पाहू.

श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजनेतून महिन्याला १५०० रुपये मिळतात. २०२३ पर्यंत ते १००० होते. वय ६५ हवं आणि वर्षाचं उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवं. म्हणजे महिन्याला १७५० रुपयांहून जास्त मिळकत दाखवणारं घर बाहेर. दारिद्र्यरेषेच्या यादीत असणाऱ्यांसाठी इंदिरा गांधी वृद्धापकाळ योजनेत केंद्राचा वाटा ६० ते ७९ वयाला २०० रुपये आणि ८० नंतर ५०० रुपये, आणि हा आकडा कित्येक वर्षं तसाच आहे. १५०० रुपये म्हणजे दिवसाचे पन्नास. त्यात चहा, गोळ्या, कधी नातवाच्या हातावर दहाची नोट. पन्नास रुपयांत दिवसभर सांभाळणारं माणूस येत नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याने मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली. ६५ वर्षांवरच्या, वर्षाला दोन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या माणसाला एकदाच ३००० रुपये खात्यात. त्यातून चष्मा, श्रवणयंत्र, वॉकर, कमोडची खुर्ची, कमरेचा पट्टा घ्यायचा. योजना चांगली आहे. पण पक्षाघातानंतर वॉकर धरून पाऊल कसं टाकायचं हे शिकवायला रोज अर्धा तास माणूस लागतं. ते माणूस नसलं की वॉकर कोपऱ्यात उभा राहतो आणि त्यावर टॉवेल वाळत पडतात.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचं संरक्षण आहे. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या प्रत्येकाला, उत्पन्न न पाहता, आयुष्मान वय वंदना कार्डावर पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. ही खरोखर मोठी गोष्ट आहे आणि ज्यांनी अजून कार्ड काढलं नसेल त्यांनी आधी ते काढावं. मात्र या दोन्ही योजना सुरू होतात दवाखान्यात भरती झाल्यावर. आजी न्हाणीत घसरली, खुब्याचं हाड मोडलं, की लाखांचा खर्च सरकार उचलू शकतं. ती घसरू नये म्हणून दिवसा तिचा हात धरणाऱ्या बाईसाठी या योजनांत रकानाच नाही.

दुसरा पैसा जातो वृद्धाश्रमांना. १९९५ साली राज्यात मातोश्री वृद्धाश्रम योजना आली. २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम १९ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा वृद्धाश्रम असावा असं म्हटलं आहे. ज्याला कुणीच नाही त्याला तो आधार हवाच. पण ज्याला घर आहे, लेक आहे, सून आहे, आणि फक्त दिवसा कुणी नाही, त्याच्यासाठी काय? दिवसाचे सात तास सांभाळता येत नाहीत म्हणून चोवीस तासांसाठी माणूस घराबाहेर पाठवायचा, हा व्यवहार मला कोणत्याच बाजूने पटत नाही. माणसाला दुःखाचा आहे आणि सरकारला महागही आहे.

केंद्र सरकारला हे कळत नव्हतं असंही नाही. १९९२ पासून चालत आलेल्या ज्येष्ठांच्या एकात्मिक कार्यक्रमात डे केअर केंद्राला अनुदान होतं, खर्चाच्या नव्वद टक्क्यांपर्यंत. पुढे तो कार्यक्रम बदलत बदलत अटल वयो अभ्युदय योजनेत आला. आज त्या यादीत ठळकपणे दिसतात ते वृद्धाश्रम, अंथरुणाला खिळलेल्यांसाठीची देखभाल गृहं, फिरते दवाखाने आणि फिजिओथेरपीची केंद्रं. दिवसाच्या केंद्राचं नाव मागे पडलं आहे. ते पुन्हा पुढे आणायला गावागावांतून मागणी जायला हवी. मागणी शहरातून गेली तर शहरापुरतीच सोय होते. पुण्यात, नवी मुंबईत महापालिकांनी ज्येष्ठांसाठी विरंगुळा केंद्रं काढली. तिथे पेपर आहेत, कॅरम आहे, गप्पा आहेत. पण तिथपर्यंत पोचायला आधी पाय धड लागतात. ज्याला बाजेवरून उठवावं लागतं त्याला विरंगुळा केंद्राचा उपयोग नाही.

आणि आता जी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, ती. २०१०-११ पासून देशात वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. त्याप्रमाणे जिल्हा रुग्णालयात दहा खाटांचा वृद्धांचा कक्ष आणि फिजिओथेरपी हवी. प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एक दिवस फक्त म्हाताऱ्या माणसांची तपासणी हवी. आणि उपकेंद्राच्या कर्मचाऱ्यांनी, जे घराबाहेर पडू शकत नाहीत त्यांच्या घरी जायचं आहे. शिरड शहापूरला प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. हिंगोलीला जिल्हा रुग्णालय आहे, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये उद्घाटन झालेल्या राज्यातल्या दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत हिंगोलीचंही नाव आहे. म्हणजे कागद आहे, इमारत आहे, डॉक्टर घडवणारं कॉलेजसुद्धा जिल्ह्यात आलं. तेव्हा येत्या आठवड्यात आरोग्य केंद्रात जा आणि विचारा, म्हाताऱ्यांचा वार कोणता? वार ठरलेला असेल तर त्या दिवशी आपल्या घरातलं माणूस घेऊन जा. ठरलेला नसेल तर लेखी मागा. सरकारी कार्यक्रमात एक धोका कायम असतो: रांग दिसली नाही की गरज नाही असं धरलं जातं, आणि मग तो वार रजिस्टरमधूनही जातो. तो एक वार आधी जिवंत ठेवला, तर त्याच्या खांद्यावर बाकीचे पाच वार उभे करता येतील.

आता दिवसाच्या केंद्रात नेमकं काय व्हायचं, ते सांगतो, कारण ‘म्हाताऱ्यांना बसायला खोली’ एवढंच डोळ्यापुढे आलं तर ही गोष्ट फसेल.

सकाळी दहाच्या आत रिक्षा दारात येते आणि माणसाला हात धरून बसवते. केंद्रात आल्यावर आधी पाणी. मग रक्तदाब, ज्यांना साखर आहे त्यांची ठरलेल्या दिवशी साखर. प्रत्येकाच्या नावाचा डबा, त्यात सकाळ-दुपार-रात्रीच्या गोळ्यांचे कप्पे, आणि कुणी काय घेतलं त्याची वही. पायाला जखम असेल तर ड्रेसिंग. साखरेच्या माणसाच्या पायाची छोटी जखम कुणी रोज पाहिली तर पाय वाचतो. मग हात-पाय हलवण्याचा तास. दुपारी गरम, मऊ जेवण. कण्या, वरण, शिजलेली भाजी. जेवल्यावर झोप. उठल्यावर भजन, ओव्या, पोथी, नाहीतर नुसत्या गप्पा, ज्याला जे हवं ते. विसरभोळे झालेले एक-दोन जण असतीलच. त्यांच्यावर एक डोळा, कारण औंढा-वसमत रस्त्यावर वाहनं भरधाव असतात. आणि संध्याकाळी पाचला ज्याच्या त्याच्या घरी.

यात मोठं यंत्र एकही नाही. लागतात ती शिकलेली दोन-तीन माणसं, आठवड्यातून एकदा डॉक्टर, महिन्यातून काही दिवस फिजिओथेरपिस्ट, कठडे लावलेला संडास, उतरता रस्ता आणि सावली. संडासाचं मी मुद्दाम लिहितो. कमोड आणि धरायला दांडी असलेला संडास जवळ असेल तर आजी पाणी पिईल. अर्धी दुखणी तिथेच कमी होतात.

आपल्याच तालुक्यातली एक कथा इथे आठवते, ती सगळ्यांना ठाऊक आहे. नरसीचे नामदेव गुरूच्या शोधात औंढ्याला नागनाथाच्या देवळात गेले, तर विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून पडलेले. नामदेवांनी पाय काढा म्हटलं. विसोबा म्हणाले, मी म्हातारा, माझ्याने पाय हलत नाहीत. जिथे देव नाही तिथे तूच उचलून ठेव. पुढे जे झालं त्यावर कीर्तनकार तास तास बोलतात. मला त्या आधीचा क्षण मोठा वाटतो. नामदेव खाली वाकले आणि त्यांनी एका म्हाताऱ्या माणसाचे पाय आपल्या हातात घेतले. आपल्या भागातल्या भक्तीच्या सगळ्यात मोठ्या शिकवणीची सुरुवात तिथून झाली. हे काम हलकं नाही, आणि ते करणाऱ्या बाईला मिळणारा मोबदलाही हलका असून चालणार नाही.

लोक काय म्हणतील, हा प्रश्न येणार. ‘म्हाताऱ्याला घराबाहेर घातलं’ असं बोललं जाईल. त्याला उत्तर सरळ आहे: माणूस सकाळी जातं आणि संध्याकाळी घरी येतं, रात्री आपल्याच बाजेवर झोपतं. नातवंडं अंगणवाडीत गेली म्हणून कुणी आईला नावं ठेवत नाही. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली तेव्हाही, लेकरू सरकारच्या हवाली कशाला करायचं असं म्हणणारी माणसं असतीलच. आज अंगणवाडीशिवाय गाव आपल्याला कल्पनेत येत नाही. लहान लेकराला दिवसा जेवण, तपासणी आणि नजर लागते हे राज्याने मान्य केलं. आयुष्याच्या दुसऱ्या टोकालाही नेमकं तेच लागतं.

दुसरा प्रश्न कुणी उघड विचारणार नाही, पण तो मनात असतो. एकत्र बसणार कोण? वाड्यातला आबा आणि वस्तीतला आबा एका सतरंजीवर बसतील का, एका पंगतीत जेवतील का, पाणी कुणाच्या हातचं? याबाबत माझं मत ठाम आहे. केंद्र एकच हवं आणि पंगत एकच हवी. वस्तीवस्तीला वेगळी सोय केली तर सगळ्यात आधी ज्या वस्तीचा आवाज लहान तिथली सोय बंद पडेल, आणि ज्या आजीला केंद्राची सगळ्यात जास्त गरज आहे, जी भूमिहीन आहे, विधवा आहे, जिची लेकरं कारखान्याच्या फडावर आहेत, ती पुन्हा एकटी पडेल. जैन तीर्थंकर मल्लिनाथांच्या दर्शनाला लांबून येणारे भाविक, दर्ग्याला जाणारी माणसं, वारकरी, गावात सगळी नांदतात. दुपारचा एक घास त्यांच्या म्हाताऱ्यांना एकत्र घेता आला पाहिजे.

आणि घासाची चिंता शिरडच्या माणसाने तरी करू नये. जवळच सारंगवाडीला सारंगस्वामींच्या यात्रेत भाजीचा महाप्रसाद होतो. ज्याच्या वावरात जी भाजी असेल ती येते, एकत्र शिजते आणि हजारो माणसं जेवतात. कुणाला निमंत्रण लागत नाही, कुणी हिशोब मागत नाही. ज्या परिसराला एवढा स्वयंपाक येतो, त्याला रोज वीस-पंचवीस म्हाताऱ्या माणसांचं जेवण जड नाही. गल्लीने वार वाटून घ्यायचे, बचत गटाने चूल सांभाळायची.

ही कल्पना हवेतली नाही. केरळात ग्रामपंचायती आणि नगरपालिका म्हाताऱ्यांसाठी ‘पकल वीडू’, म्हणजे दिवसाची घरं, चालवतात. त्याच राज्याने २००८ साली अंथरुणावरच्या आणि दीर्घ आजारी माणसांच्या देखभालीचं धोरण केलं, देशात पहिलं. परिचारिका घरोघरी जातात आणि त्याची जबाबदारी पंचायती उचलतात. त्याची सुरुवात मात्र सरकारने केली नव्हती. नव्वदच्या दशकात कोझिकोडला काही डॉक्टर आणि गावकरी उभे राहिले, मलप्पुरमला तरुण मुलं, शिक्षक, दुकानदार आठवड्यातले तास देऊ लागले, आणि सरकार मागून आलं.

दूर अमेरिकेतली एक हकिकतही सांगतो, कारण आज आपल्याही काही घरांतली मुलं तिकडे आहेत. सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाऊनमध्ये म्हाताऱ्या चिनी माणसांना घरापासून दूरच्या नर्सिंग होममध्ये जायचं नव्हतं. तिथल्या लोकांनी ‘ऑन लोक’ नावाची संस्था काढली आणि १९७३ मध्ये दिवसाचं आरोग्य केंद्र उघडलं. नर्स, व्यायाम, जेवण, ने-आण, सगळं एका ठिकाणी. पुढे गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेतून अशा केंद्रांचा खर्च मिळू लागला. २०११ साली कॅलिफोर्निया सरकारने पैशाची तंगी सांगून हा लाभच रद्द करायचं ठरवलं. सुमारे ३५,००० वृद्ध आणि अपंग माणसांचा दिवस जाणार होता. माणसं चाकाच्या खुर्च्यांवरून रस्त्यावर आली, वकील न्यायालयात गेले, तडजोड झाली, आणि एप्रिल २०१२ पासून वेगळ्या नावाने सेवा पुढे चालू राहिली. श्रीमंत देशातही हा पैसा आपोआप मिळत नाही आणि मिळाला तरी आपोआप टिकत नाही. लोकांनी तो धरून ठेवावा लागतो. आपल्याला तर आधी तो गावात आणायचा आहे.

कसा आणायचा? एका खिशातून सगळा येणार नाही. तुकडे जोडावे लागतील.

वित्त आयोगाचा जो अबंधित निधी ग्रामपंचायतीला मिळतो तो गावाच्या गरजेच्या कामाला वापरता येतो, पगाराला नाही. म्हणजे खोलीची दुरुस्ती, कठडे, संडास, उतार, पंखे, पाण्याची सोय त्यातून होऊ शकते. त्यासाठी काम गावाच्या विकास आराखड्यात लिहिलेलं हवं. शाश्वत विकासाच्या विषयांत ‘निरोगी गाव’ आणि ‘सामाजिकदृष्ट्या सुरक्षित गाव’ हे दोन्ही आहेत, तिथे हे काम नेमकं बसतं. दिव्यांगांसाठी ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नाचा पाच टक्के भाग ठेवायचा असतो. पक्षाघाताने अधू झालेल्या, दृष्टी गेलेल्या म्हाताऱ्यांची दिव्यांग प्रमाणपत्रं काढून घेतली तर त्यांच्या वाट्याचा खर्च तिथून मागता येईल. औषधं, तपासणी, डॉक्टरचा वार आणि आशाताईंची भेट आरोग्य केंद्राची. फिजिओथेरपीसाठी जिल्हा रुग्णालयाकडे महिन्याचे ठराविक दिवस मागायचे. राहिला सांभाळणाऱ्या बायकांचा मोबदला आणि रिक्षाचं भाडं. खरी अडचण इथे आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही.

त्यासाठी दोन वाटा एकदम धरू. एक, केंद्र सरकारच्या ज्येष्ठ नागरिक कार्यक्रमात अनुदानासाठी अर्ज. अर्ज फक्त मोठ्या संस्थांनीच करायचा असतो हा समज काढून टाका. पंचायत राज संस्थाही त्यात पात्र आहेत. फिजिओथेरपी केंद्र हा त्या यादीतला प्रकार आपल्या कामाला सगळ्यात जवळचा, दार तिथून उघडता येईल. त्याच योजनेत म्हाताऱ्यांची देखभाल करणाऱ्यांना प्रशिक्षण देण्याचा भागही आहे. गावातल्या चार मुली त्यात शिकून आल्या तर केंद्रालाही माणसं मिळतील आणि त्यांनाही हाताला काम. हिंगोलीचं समाज कल्याण कार्यालय हे या कामाचं पहिलं ठिकाण. अनुदानाला वेळ लागतो, वर्ष जातं, कागद परत येतात. म्हणून दुसरी वाट: पहिलं वर्ष गावाने काढायचं. आठवड्यातून तीन दिवस, पंधरा माणसं, एक खोली, दोन बायका. पुण्यात-मुंबईत गेलेल्या शिरडच्या मुलांना माझी विनंती आहे की गणपतीला आणि यात्रेला वर्गणी देता तशी या केंद्राला महिन्याची रक्कम ठरवा. तुमची आई जिथे दुपारी जेवणार आहे त्या जागेसाठी आहे ती. मात्र श्रावणबाळच्या १५०० रुपयांना हात लावू नका. ज्याला स्वखुशीने द्यायचं त्याने द्यावं, पण त्या माणसाच्या हातातला तो शेवटचा स्वतःचा पैसा आहे.

एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. हे काम पुरुषांच्या बैठकीत ठरलं तर चबुतरा बांधला जाईल, फरशी बसेल, उद्घाटन होईल आणि कुलूप लागेल. सांभाळणाऱ्या बायका आहेत, घसरून पडणाऱ्या म्हाताऱ्यांत बायका जास्त आहेत, आणि बुडणारा रोजही बायकांचाच आहे. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची असा आपल्याकडे नियम आहे. हा विषय आधी तिथे मांडा. केंद्र कुठे हवं, वेळ काय हवी, रिक्षा कुठून फिरावी, हे त्यांनी ठरवावं. हळदीच्या दिवसांत सकाळी सातलाच उघडायला हवं असेल तर ते त्यांनाच माहीत असणार.

तरुण मुलांनो, तुम्ही आधी यादी करा. गावात आणि आसपासच्या वाड्या-तांड्यांवर ६० वर्षांवरची माणसं किती, दिवसा एकटी किती, चालता न येणारी किती, वय वंदना कार्ड कुणाचं निघालं नाही, श्रावणबाळचा अर्ज कुणाचा अडकला आहे. आशाताईंना बरोबर घ्या, त्यांना प्रत्येक घर ठाऊक असतं. निवृत्त गुरुजींनी अर्ज लिहावेत, त्यांचं अक्षर आणि त्यांचा पाठपुरावा दोन्ही कामाला येईल. एखाद्या म्हाताऱ्या माणसाची हेळसांड होत असेल, मारहाण होत असेल, तर १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा मोफत फोन आहे. तो आकडा आरोग्य केंद्राच्या आणि शाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवून घ्या.

१ ऑक्टोबरला आंतरराष्ट्रीय ज्येष्ठ नागरिक दिन असतो. शाल, श्रीफळ, भाषण होतं. दुसऱ्याच दिवशी, २ ऑक्टोबरला, गांधी जयंतीची ग्रामसभा भरते. या वर्षी शालीचा खर्च वाचवा आणि दुसऱ्या दिवशी मोठ्या संख्येने ग्रामसभेला या. ज्यांना चालता येत नाही त्यांना खुर्चीसकट आणा, त्यांना पुढच्या ओळीत बसवा. ठरावात चार गोष्टी स्पष्ट लिहून घ्या: शिरड शहापूरमध्ये ज्येष्ठांसाठी दिवसाचं आरोग्य व सांभाळ केंद्र सुरू करणे, त्यासाठी जागा निश्चित करून पुढच्या वर्षाच्या विकास आराखड्यात काम घेणे, आरोग्य केंद्रातला ज्येष्ठांचा साप्ताहिक वार नियमित ठेवण्याची मागणी करणे, आणि केंद्र सरकारच्या अनुदानासाठी ग्रामपंचायतीने स्वतः अर्ज करणे. ठरावाची नक्कल ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून सही-शिक्क्यासह मागून घ्या. तिच्या प्रती जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा आरोग्य अधिकारी, समाज कल्याणचे सहायक आयुक्त, आमदार आणि खासदार यांना द्या, आणि प्रत्येक प्रतीची पोच एका फायलीत लावा. पुढची ग्रामसभा २६ जानेवारीची. तोपर्यंत हळद काढणीला आलेली असेल. त्या आधी पहिली पंधरा माणसं आणि पहिली खोली तयार हवी.